डाळिंबाच्या बागेतली खार आणि पिंजऱ्याचा प्रश्न

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यात हस्त बहराची डाळिंबं फेब्रुवारी-मार्चमध्ये रंगावर येतात आणि त्याच सुमारास बागायतदारांच्या बोलण्यात खार येऊ लागते. लांबून पाहिलं तर फळ जागच्या जागी लटकलेलं असतं, रंगही छान चढलेला असतो. हातात धरलं की कळतं, त्याला वजनच नाही. खोडाकडच्या, आडोशाच्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं भगदाड, कडा कुरतडून खडबडीत झालेल्या, आत फक्त पिवळट पडदे आणि चार-दोन दाणे. खाली मातीवर सालीचा चुरा पडलेला. खार एकच फळ धरून ते संपवेल असंही नाही. ती अर्धं टाकते आणि शेजारचं फोडते. उघड्या पडलेल्या फळावर मुंग्या, माश्या, बुरशी असे पुढचे पाहुणे येतात ते वेगळेच.

सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ पासून सोलापूरजवळ केगावला आहे. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात हे पीक म्हणजे अनेक घरांचा वर्षाचा हिशेब. तेल्या, मर हे रोग आणि खोडकिडा यांच्याशी झुंजून फळ हाताशी आल्यावर ते खारीने पोखरलेलं पाहणं किती जिवाला लागतं, हे बागेत उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. त्यामुळे ‘पिंजरा लावू का?’ हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचं उत्तर देताना शेतकऱ्याला भूतदयेचे चार शब्द ऐकवून वाटेला लावणं मला बरोबर वाटत नाही. माझं मत मात्र आधीच सांगतो. खारीच्या बाबतीत पिंजरा हा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात छोटा उपाय आहे. तो कधी, कुठे आणि कुठल्या प्रकारचा लावायचा हे कळायला आधी खार बागेत का आली हे शोधावं लागतं.

त्याहूनही आधी, आलेली खारच आहे ना, हे पाहावं लागतं. डाळिंबाला भोकं पाडणारे पुष्कळ आहेत. फळ पोखरणाऱ्या अळीचं भोक लहान, गोल आणि नेटकं असतं. त्याच्या तोंडाशी अळीची विष्ठा दिसते आणि फळाला घाण वास येतो. रस शोषणारे पतंग रात्री येतात. त्यांचं भोक टाचणीने टोचल्यासारखं असतं आणि दोन-तीन दिवसांत त्याच्याभोवती साल मऊ पडून कुजते. पोपट आणि बुलबुल चोचीने फोडतात, तिथे दातांच्या बारीक समांतर रेघा नसतात. उंदराचे दात खारीसारखेच, पण उंदीर रात्रीचा आणि बहुधा जमिनीलगतच्या फांद्यांवरचा. सोपी पारख अशी: संध्याकाळी सहाला एका ओळीतली फळं पाहून ठेवायची, सकाळी उजाडताना पुन्हा पाहायची आणि दुपारी बाराला तिसऱ्यांदा. नुकसान रात्रीतून झालं असेल तर खारीला दोष देऊ नये, कारण खार पूर्णपणे दिवसाची. सूर्य उगवल्यानंतरचे दोन-तीन तास आणि उन्हं उतरल्यावरचा वेळ ही तिची खरी धावपळीची वेळ. खारीच्या नावाने लावलेल्या पिंजऱ्यात सकाळी घूस सापडते, याचं कारण तेच. पिंजरा रात्रभर उघडा राहिलेला असतो.

आपल्याकडे खारी दोन तऱ्हेच्या दिसतात, पाठीवर तीन पट्टे असलेली आणि पाच पट्टे असलेली. पाच पट्ट्यांची खार कोरड्या, उघड्या मुलखात आणि माणसांच्या वस्तीजवळ विशेष रमते. दोघींचेही पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवायला काहीतरी कुरतडावंच लागतं, मग ती बाभळीची साल असो, वायर असो की ठिबकची नळी. घरटं झाडाच्या बेचक्यात नाहीतर भिंतीच्या पोकळीत. त्यात गवत, कापूस, गोणपाटाचे धागे. मादीचे दिवस सहा आठवड्यांच्या आसपास, आणि एका वेळी साधारण दोन ते चार पिल्लं. पिल्लं डोळे मिटलेली आणि अंगावर केस नसलेली जन्मतात, ती काही आठवडे आईवाचून जगत नाहीत. ही गोष्ट पिंजऱ्याच्या हिशेबात मोठी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आता ठिबक. सोलापूर जिल्ह्यात खारीविषयीची बरीच तक्रार फळांची नसते, ती लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या नळीची असते. सकाळी मोटर सुरू केली की ओळीत मधेच कारंजं उडतं आणि पुढची झाडं कोरडी राहतात. दातांची झीज हे त्याचं एक कारण. दुसरं कारण तहान. आजूबाजूला विहिरी खोल गेलेल्या, ओढे मार्चमध्येच आटलेले, आणि पारा चाळीसच्या वर. अशा वेळी दोनशे-चारशे मीटरच्या टापूत ओलावा असलेली एकच गोष्ट उरते, ती म्हणजे नळी. जिथे बांधावर झाडाच्या सावलीत उथळ भांडी ठेवून त्यात रोज पाणी भरलं जातं, तिथे नळ्या कमी फुटतात, असं बरेच बागायतदार सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. भांडं उथळ हवं, त्यात एक दगड हवा म्हणजे पिल्लू किंवा पाखरू बुडत नाही, आणि ते बागेच्या आत न ठेवता बाहेरच्या कडेला ठेवायला हवं. लॅटरल चार बोटं मातीआड किंवा पाचटाखाली गेली तरी फरक पडतो. पाचट मात्र खोडापासून थोडं लांब ठेवावं, नाहीतर उंदरांना आयती बिळं मिळतात.

फळांसाठी पहिला उपाय झाकण्याचा. उन्हाच्या चट्ट्यांपासून फळ वाचवायला आता पुष्कळ बागांत झाडांवर पांढरं क्रॉप कव्हर घालतात. ते खालून नीट बांधलं तर खारीलाही अडतं. खालची कड सैल राहिली तर खार आत शिरते आणि आडोसा मिळाल्याने निवांत खाते, तेव्हा बांधणी महत्त्वाची. दुसरा उपाय म्हणजे उड्या तोडणं. बांधावरच्या चिंच, कडुलिंब, बाभळीच्या फांद्या डाळिंबावर टेकल्या असतील तर खारीला जमिनीवर उतरावंच लागत नाही. कडेच्या दोन ओळी आणि बांधावरची झाडं यांच्यात मोकळी जागा ठेवली तर तिला उघड्यावरून यावं लागतं. उघड्यावर शिक्रा आहे, मांजर आहे, मुंगूस आहे, धामण आहे. ती तिथे बिचकत येते आणि कमी खाते. झाडाखाली पडलेली फळं रोज उचलून पुरली पाहिजेत. पडलेलं फळ खारीला बागेची चटक लावतं, आणि तेल्याचा प्रसारही त्याच फळांतून होतो, म्हणजे हे काम दोन्हीकडून लागतं.

एवढं सगळं केलं आणि तरी कडेच्या ओळी फुटतच राहिल्या, तर पिंजऱ्याचा विचार. पण तिथेही आधी कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. पकडणं, फासा लावणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं हे सगळं त्यात मोडतं. कायद्याच्या जुन्या रचनेत उंदीर-घुशी उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होत्या, तर पाच पट्ट्यांची खार संरक्षित प्राण्यांच्या चौथ्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि उपद्रवी प्राण्यांची ती जुनी अनुसूची आता राहिलेली नाही. म्हणून उंदराच्या पिंजऱ्याला जी मोकळीक आपण गृहीत धरतो, ती खारीच्या पिंजऱ्याला लावू नये. आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे नुकसानीचे फोटो जोडून लेखी अर्ज करावा आणि उत्तर आल्यावरच पुढे जावं. विषाचा तर विचारही नको. उंदरासाठीचं झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोनचं आमिष उघड्यावर ठेवलं की ते मोर, तितर, गावातली कुत्री कुणीही खातं, आणि ब्रोमॅडिओलोन खाऊन सुस्तावलेला उंदीर ज्या घुबडाने उचलला तेही धोक्यात येतं. चिकट सापळे म्हणजे गोंद लावलेले पुठ्ठे. त्यांच्यावर प्राणी तासन्‌तास कातडी सोलून घेत तडफडतो. इंग्लंडने त्यांच्याविरुद्ध २०२२ मध्ये कायदाच केला. आपल्याकडेही प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० आहे आणि पशू कल्याण मंडळाने या सापळ्यांविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत. तरी बाजारात ते सर्रास मिळतात, ही वाईट गोष्ट आहे.

खारीसाठी सापळे लावण्याचं शास्त्र ब्रिटनच्या जंगलांत खूप वाढलं, आणि तो इतिहास आपल्या उपयोगाचा आहे. तिथली मूळची खार तांबडी. उत्तर अमेरिकेतली करडी खार हौसेखातर आणली गेली. १८७६ मध्ये चेशर परगण्यातल्या हेन्बरी पार्कमध्ये ती सोडल्याची जुनी नोंद आहे. करडी खार मोठी आणि धीट, शिवाय ती स्वतः न आजारता खारींच्या देवीचा विषाणू वाहते. तांबडी खार त्या रोगाने मरते. आज तिथे करड्या खारींचा अंदाज सत्तावीस लाखांच्या घरात सांगतात आणि तांबड्या तीन लाखही नाहीत. जंगलाचं नुकसान वेगळंच. एप्रिल-मे ते जुलै या काळात करडी खार बीच, सिकॅमोर, ओक यांच्या दहा ते चाळीस वर्षं वयाच्या झाडांची साल सोलून आतला गोड रस चाटते. साल पूर्ण वर्तुळात निघाली की वरचा शेंडा वाळतो. चाळीस वर्षं वाढवलेलं लाकूड तिथेच संपतं.

सरकारने १९३७ मध्ये करडी खार आणायला आणि पाळायला बंदी घातली. १९५० च्या दशकात तर शेपटीमागे एक शिलिंग, पुढे दोन शिलिंग बक्षीस ठेवलं. लोकांनी शेपट्या आणून दिल्या, पैसे घेतले, खारी होत्या तेवढ्याच राहिल्या. कारण उघड आहे. जिथे मारणं सोपं तिथे लोक मारतात, जिथे साल सोलली जाते त्या जंगलात जायचे कष्ट कोण घेणार? योजना गुंडाळली गेली. याउलट वेल्सच्या टोकाला असलेल्या अँगलसी बेटाचं उदाहरण. तिथे तांबड्या खारी चाळीसच्या आसपास उरल्या होत्या. १९९८ पासून एकेक जंगल घेऊन पिंजऱ्यांनी करड्या खारी काढायला सुरुवात झाली आणि पंधरा-एक वर्षं ते काम न थांबता चाललं. करडी खार बेटावरून गेली आणि तांबड्या वाढून सातशेच्या घरात पोचल्या. बेट असल्यामुळे बाहेरून भरती होत नव्हती. मुख्य भूमीवर मात्र रिकामी झालेली जागा शेजारच्या जंगलातल्या खारी काही महिन्यांत भरून काढतात, म्हणून तिथले वनपाल वर्षभर पिंजरे लावत बसत नाहीत. साल सोलण्याच्या हंगामाच्या तोंडावर आणि हंगामात, आणि ज्या कोवळ्या झाडांच्या पट्ट्याला धोका आहे त्याच्या आसपास, एवढंच.

आपल्या बागायतदाराने यातून वेळ आणि जागा नेमकी धरायची गोष्ट घ्यावी. मारण्याची गोष्ट घेऊ नये. तिकडे परकी खार देशी खारीच्या मुळावर उठली होती. सांगोल्याच्या बांधावरची खार परकी नाही, ती डाळिंबाच्या आधीपासून इथली आहे. आपलीच पाच पट्ट्यांची खार १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडली आणि त्या शहरात परकी म्हणून वाढली. तिथे तिच्यासाठी पिंजरे लावावे लागले ते योग्यच होतं.

परवानगी हातात आली की पिंजरा निवडायचा. साधा उंदराचा पिंजरा खारीला आखूड पडतो, दार तिच्या शेपटीवर पडतं आणि शेपटी सोलून निघते. लांबी किमान दीड फूट हवी. जाळीचं छिद्र अर्ध्या इंचाहून मोठं नको. मोठं असलं की खार बाहेरूनच आमिष ओढते, नाहीतर आत अडकल्यावर तोंड घालून नाक फोडून घेते. आकड्याला आमिष अडकवायचा पिंजरा बाजारात सर्वत्र मिळतो, पण खार आमिष हिसकत नाही, ती हळूच उचलून मागे सरकते आणि दार उघडंच राहतं. म्हणून पाय पडल्यावर दार पडणारी पट्टी असलेला पिंजरा घ्यावा. जोरात मिटणारे चाप मात्र पूर्ण वर्ज्य. ब्रिटनमध्येसुद्धा असे चाप कायद्याने मंजूर असलेलेच आणि बंदिस्त पेटीत लावावे लागतात, इतर प्राणी त्यात येऊ नयेत म्हणून. उघड्या बांधावर त्यात मुंगसाचा पाय सापडेल, सातभाईंच्या थव्यातला एखादा सापडेल, शेतातलं लेकरूही हात घालेल.

कुठे लावायचा, हे शोधायला सोलापूर जिल्ह्यात फार लांब जायला नको. फासेपारधी समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या तीच: जनावराची रोजची वाट ओळखायची. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजाच्या कपाळी शिक्का मारला. सोलापुरात त्या कायद्याखालची तारेच्या कुंपणाची वसाहत होती आणि ‘सेटलमेंट’ हे नाव शहरात अजून आहे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र लवकर पुसला नाही. रान वाचण्याची त्यांची नजर आज खरं तर सन्मानाने आणि मोबदला देऊन वापरायला हवी. आज शिकारीला बंदी आहे आणि ती असावी, पण ज्ञान बंदीत घालायचं कारण नाही. खारीची वाट ठरलेली असते: बांधाच्या दगडांवरून, एका ठरावीक खोडाच्या एकाच बाजूने, आडव्या फांदीवरून. पिंजरा त्या वाटेवर सावलीत ठेवायचा आणि दगडाने किंवा तारेने पक्का करायचा. पाय ठेवल्यावर हलला की खार पुन्हा आत येत नाही.

पहिले चार-पाच दिवस दार तारेने उघडं बांधून ठेवायचं. आत भाजलेले शेंगदाणे, खोबऱ्याचा तुकडा किंवा मक्याचे दाणे टाकायचे, थोडे दाराबाहेरही. रोज दाणे संपायला लागले की मगच पट्टी मोकळी करायची. हा धीर बहुतेकांना धरवत नाही आणि पिंजरा कुचकामी म्हणून कोपऱ्यात पडतो. लावायची वेळ सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि पुन्हा चारनंतर, दिवस मावळेपर्यंत. रात्री दार मिटवून ठेवायचं. ब्रिटनच्या थंडीत दिवसातून एकदा-दोनदा पाहणी पुरते. आपल्याकडे मार्चच्या उन्हात लोखंडी जाळीत अडकलेली खार तासाभरात गलितगात्र होते, म्हणून दर तासाला फेरी हवी आणि पिंजऱ्यावर ओलं गोणपाट हवं. जेवढ्या पिंजऱ्यांकडे दर तासाला जाता येईल तेवढेच लावावेत. खार सापडली की गोणपाटाने पिंजरा पूर्ण झाकायचा, अंधारात ती शांत होते. हात आत घालायचा नाही. चावली तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवून दवाखाना गाठायचा.

सोडायचं कुठे, हा सगळ्यात अवघड भाग. दोन-तीन किलोमीटरवर नेऊन सोडलेली खार दुसऱ्या खारींच्या हद्दीत पडते. तिला घरटं ठाऊक नसतं, पाणी ठाऊक नसतं, आणि तिच्या रिकाम्या जागेत बांधापलीकडची दुसरी खार येते. म्हणून वनखात्याने सांगितलेल्या ठिकाणीच आणि सांगितलेल्या पद्धतीनेच सोडावं, आणि तेही फळ पिकण्याच्या तीन-चार आठवड्यांपुरतं. तोडणी संपली की पिंजरे घरी. सोडण्याआधी जाळीतून एकदा खारीचं पोट पाहायचं. आचळांभोवतीचे केस झडलेले आणि आचळं फुगलेली दिसली तर मादी लेकुरवाळी आहे आणि तिची पिल्लं त्याच बांधावरच्या कुठल्यातरी ढोलीत आहेत. मग पिंजरा आहे तिथेच उघडायचा, त्या बाजूचे पिंजरे महिनाभर बंद ठेवायचे, आणि तेवढ्या ओळींवरचं क्रॉप कव्हर खालून पुन्हा एकदा घट्ट बांधून घ्यायचं.